भाकड दिवस

पहाटे साडेपाचला कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलं की माणसांच्या आधी वास भेटतो. ओलं शेण, भिजवलेली सरकी पेंड आणि मधूनच कोमट दूध. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती बरण्या, किटल्या, स्टीलचे डबे घेतलेली माणसं. मालक उकिडवा बसतो, कासेवर पाणी मारून हात फिरवतो, रेडकाला क्षणभर लुचू देतो आणि ओढून बाजूला घेतो. मग पहिली धार पडते. रिकाम्या चरवीत ती पत्र्यावर खडा पडावा तशी वाजते. चरवी भरत जाते तसा आवाज जाड होत जातो, आणि शेवटी धार फेसातच शिरते तेव्हा काही ऐकू येत नाही. जवळच्या तालमीतली पोरं अंगावरची माती न झटकता येतात, पेलाभर धारोष्ण दूध उभ्याउभ्या पितात आणि ओठावरचा फेस मनगटाने पुसत परत जातात.

मी गेली बावीस वर्षं इथलं दूध घेतो. त्यातली सतरा-अठरा वर्षं एकाच माणसाकडून. ते जवळच्या प्रयाग चिखली गावचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. ते मला सर म्हणतात, कारण मी शाळेत मराठी शिकवत होतो. आमचं बोलणं फारसं होत नाही. बरणी पुढे करायची, चरवीकडे बघत उभं राहायचं, पैसे द्यायचे. पण लिहिण्याबद्दल मला गेल्या काही वर्षांत जे कळलं ते बहुतेक या माणसाजवळ उभं राहून कळलं.

नियमित सदर लिहिणं याला आपल्याकडे रतीब घालणं म्हणतात. शब्द दुधाच्या धंद्यातलाच. रोज ठरल्या वेळी ठरलेलं माप दारात पोचलं पाहिजे. पाऊस असो, घरात आजारपण असो, माप चुकता कामा नये. मी सहा वर्षं असा रतीब घातला, इथल्याच एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत. दर आठवड्याला सातशे शब्द, मजकूर गुरुवारी संध्याकाळपर्यंत.

पहिलं दीड वर्ष फार आनंदात गेलं. पन्नास वर्षांचं साठलेलं होतं. वडिलांची सायकल, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मुलं, गुऱ्हाळावर काहिलीशेजारी काढलेली रात्र, रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेटणारे म्हातारे. बसलं की येत होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कधीतरी तळ लागला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली असेल. पण दोर सोडायची हाताला सवय झालेली असते. पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज येतो, तरी हात सोडतच राहतो.

आणि हात शिकतोही. हे मला आज जास्त टोचतं. दूध संस्थेत म्हशीच्या दुधाला सहा टक्के फॅट आणि नऊ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, बघतात. नुसतं पाणी घातलं तर दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर लगेच डिग्री कमी दाखवतो, म्हणून भेसळ करणारा पाण्याबरोबर साखरही घालतो, डिग्री टिकते. लेखातही तसं करता येतं. सांगण्यासारखं काही नसलं की मी आजी आणत असे. आजी पुरली नाही तर पाऊस. अगदीच अडलं तर शेवटच्या परिच्छेदात एखादं म्हातारं माणूस काहीतरी शहाणपणाचं बोलून जायचं, जे कुणी कधी बोललेलं नसायचं. सातशे शब्द भरायचे. वाचणाऱ्याला दूध दाट लागायचं. पुरवणीचे संपादक म्हणायचे, सर, तुमच्याकडून येतंय म्हणजे बघायलाच नको. खरोखरच कुणी बघत नव्हतं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

कोल्हापूरच्या माणसाला पुराचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे पावसाळ्यात भाजीवालीसुद्धा सांगते. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. महामार्ग बंद झाला. गावाला पाणी पुरवणारे पंपच पाण्याखाली गेल्याने नळ कोरडे पडले. चिखली आणि आंबेवाडीत घरांच्या छपरांवरून माणसं बोटीने काढली.

माझं घर टाकाळ्याच्या बाजूला, चढावर. आमच्याकडे पुराचं पाणी येत नाही. मी त्या गुरुवारी कोरड्या खोलीत, कोरड्या चादरीवर मांडी घालून पुरावर लेख लिहिला. वीज नव्हती म्हणून मेणबत्ती लावली होती, आणि त्या मेणबत्तीमुळे मला आपण संकटात असल्यासारखं वाटत होतं. निसर्गाचं रौद्र रूप, माणुसकीचा झरा, डोळ्यांतली पंचगंगा. सगळं आलं त्यात. मधे एक वाक्य होतं, ते आजही अक्षर न् अक्षर आठवतं: दावणीला बांधलेल्या मुक्या जनावरांच्या हंबरड्याने ती काळरात्र चिरत गेली.

त्या लेखाला जितके फोन आले तितके आधी कधी आले नव्हते. एका बाईंनी रडत फोन केला. मी दोन दिवस त्या लेखाच्या धुंदीत होतो, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

अण्णा कट्ट्यावर परत आले तेव्हा गणपती होऊन गेले होते. त्यांच्या तीन म्हशींपैकी एक उरली होती. मी पाकिटातून लेखाचं कात्रण काढून त्यांना दिलं. का दिलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. तुमचं दुःख मी मांडलं, हे त्यांना कळावं, असंच काहीतरी मनात असणार. त्यांनी ओले हात धोतराला पुसले, कात्रणाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी धार काढता काढता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सर, पोरीनं वाचून दावलं. लई चांगलं लिवलंय."

मी काहीतरी म्हणालो.

"पर म्हस हंबरत न्हाई. गाय हंबरती. म्हस रेकती."

"हो. ते आपलं..."

"आन तवा तर रेकतबी न्हवती." चरवी त्यांनी जरा फिरवून घेतली. "पाणी मानंला लागलं तरी गपच हुभी हुती. मी दावं कापलं. ढकललं. हलंनाच. माझ्याकडं नुसती बघत हुती."

आवाजात राग नव्हता. चुकलेलं वजन दुरुस्त करावं तसं त्यांनी ते सांगितलं. बरणी भरून दिली, वर नेहमीसारखी दोन धारांची भर घातली.

मी मराठीचा शिक्षक. गाईचं हंबरणं, म्हशीचं रेकणं, घोड्याचं खिंकाळणं, हे प्राणी आणि त्यांचे आवाज मी पाचवीच्या मुलांकडून जोड्या लावून घेतलेले. मला शब्द माहीत नव्हता असं नाही. मला ती म्हैसच माहीत नव्हती. मी तिथे नव्हतो, कुणाला विचारलं नव्हतं, आणि माझ्यासमोर गुरुवार होता. गुरुवारला काहीतरी घालायचं होतं, तर हंबरडा हा शब्द तयार होता, कुणीतरी आधी वापरून ठेवलेला. तो आला आणि त्याने त्या गप्प उभ्या असलेल्या म्हशीला झाकून टाकलं. खोटं बोलावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण सांगण्यासारखं काही नसताना बोलायला लागलं की खोटं आपोआप घडतं, त्याला मुद्दाम काही करावं लागत नाही.

त्या आठवड्यात माझ्याजवळ खरं असं फार थोडं होतं. मी टँकरच्या रांगेत अडीच तास उभा होतो. सात बादल्या पाणी मिळालं. माझ्या पुढच्या बाईने तिच्या वाट्याची एक बादली मागच्या म्हाताऱ्याला दिली आणि नंतर रांग सोडून जाईपर्यंत ती त्या बादलीकडे वळून वळून बघत होती. एवढंच. सातशे शब्दांत ते बसलं नसतं, सत्तर पुरले असते. सत्तर शब्द द्यायचे आणि खाली लिहायचं की या आठवड्यात एवढंच आहे, असं मला सुचलंसुद्धा नाही. सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

लगेच थांबलो असंही नाही. आणखी जवळपास दोन वर्षं लिहिलं. कट्ट्यावर गेलो की अण्णांच्या खिशाकडे नजर जायची. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, या वेळी ५६ फूट ३ इंच, आधीच्याहून जास्त. संपादकांचा फोन आला. सर, तुमचा तो मागचा पुराचा लेख लोक अजून काढतात, तसंच काहीतरी येऊ द्या. मी म्हणालो, या वेळी माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, असं कसं, तुम्हाला काय, तासाभराचं काम. तासाभराचं काम होतं हे खरंच. मी परत म्हणालो, नाही. त्या महिन्यानंतर सदर बंद केलं.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. पहिल्या रविवारी सकाळी हात पुरवणीकडे गेला आणि तिसऱ्या पानावर माझ्या जागी पावसाळ्यातल्या त्वचेच्या काळजीबद्दल मजकूर होता. मला वाटलं होतं लोक विचारतील. पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातही नाही. पाचव्या आठवड्यात किराणा दुकानदार म्हणाले, "सर, तुमचं येतंय न्हवं अजून? वाचतोय आम्ही." घरी येऊन बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. छापून येणं बंद झालं की माणूस मिटतो की काय, ही भीती खरी असते. लिहिणाऱ्यांपैकी कुणी ती नाही असं म्हणालं तर मला ते पटत नाही.

त्याच सुमारास अण्णांची म्हैस कट्ट्यावर यायची बंद झाली. ते दुसरी, नवी घेतलेली, आणायला लागले. मी विचारलं, ती कुठे?

"आटवली."

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण असते. व्यायला साधारण दोन महिने उरले की शेतकरी तिची धार काढणं बंद करतो, तिला दूध असलं तरीही. कासेला विसावा मिळावा, अंगात ताकद धरावी, पोटातलं रेडकू भरावं म्हणून. धार एकदम बंद करता येत नाही, कास दगडासारखी होते, दुखते. आधी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं करत आणावं लागतं. याला आटवणं म्हणतात, आणि त्या दिवसांत ती भाकड. शिवी म्हणून वापरतो तो हाच शब्द. गोठ्यात तो शिवीसारखा कुणी उच्चारत नाही.

मी एकदा मुद्दाम चिखलीला गेलो, त्यांच्या गोठ्यावर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती. या पाचांची पंचगंगा होते ती याच परिसरात. चार नद्या डोळ्यांनी दिसतात, सरस्वती गुप्त आहे असं म्हणतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी संगमाच्या काठावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं की बाकी चौघी सोडून गुप्त राहायला वाणीच्या देवतेचंच नाव का मिळालं असेल. उत्तर शोधत बसलो नाही. पाणी मातकट होतं आणि पलीकडच्या काठावर एक बाई गोधडी धूत होती.

गोठ्यात ती आटवलेली म्हैस रवंथ करत बसली होती. भिंतीवर खिळ्याने ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं, सगळ्यात खालची २००५ ची, मधली २०१९ ची, वरची २०२१ ची. वरच्या दोन रेघांच्या मधे एक वीतही अंतर नव्हतं. म्हशीपुढे हिरवी वैरण होती, वर आंबोण, म्हणजे भिजवलेलं पेंडीचं खाद्य. मी विचारलं, दूध देत नाही तरी आंबोण?

"आत्ताच द्याचं आस्तंय की सर. दूध देती तवा काय, तवा कुणीबी घालतंय."

"आणि कोण दोन महिने न थांबता काढत राहिलं तर?"

"काढत्यात की. सुई टोचली की पान्हा सोडायलाच लागती. पर पुढल्या येताला कास मरती तिची." मग जरा थांबून म्हणाले, "आन एकच म्हस आसंल तर तो गडी काय करंल? घरात पोरं हाईत. त्येनं काढलं तर म्या त्येला नावं ठेवणार न्हाई."

ही गोष्ट मी लिहिण्याच्या बाबतीत फार जपून धरली आहे. मला पेन्शन आहे. सदराचं मानधन आलं काय, गेलं काय, आमच्या घरातली चूल अडत नाही. ज्याचं घर लेखनावर चालतं, ज्याला दर आठवड्याला मजकूर दिल्याशिवाय भाडं भरता येत नाही, त्याला मी गप्प बसायला सांगणार नाही. माझ्यासारख्यांना मात्र ही सबब नाही. आम्ही पोटासाठी लिहीत नसतो. नाव तिसऱ्या पानावर दिसत राहावं म्हणून लिहितो, आणि त्यासाठी वाचणाऱ्याच्या रविवार सकाळची दहा मिनिटं घेतो. शाळेत एक तास वाया घालवला तर मी त्याचा हिशोब चाळीस मुलांचे चाळीस तास असा करायचो. लेखाचा हिशोब मी कधी तसा केला नव्हता.

कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली आला. त्यानंतरचे मोठे मराठी संग्रह यायला २००३ उजाडलं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत ते गप्प होते असं कुणालाही वाटलं असतं. पण ते लिहीत होते, कागद साठत होते, आणि पोट जाहिरातींच्या कामावर चालत होतं. सदर बंद केल्यावर मी काही दिवस या उदाहरणाचा आधार घेतला. मग सोडला, कारण तो मला लागू पडत नाही. त्यांच्याजवळ पुष्कळ होतं आणि त्यांना छापायची घाई नव्हती. माझ्याजवळ काही नव्हतं आणि मला घाई होती. त्यांच्या मौनाची शाल माझ्या रिकामेपणावर पांघरणं हीही भेसळच झाली असती.

आणि आटवलेली प्रत्येक म्हैस वेळेवर, धडधाकट वितेच असंही नाही. अण्णांचीच एक तीन वर्षांपूर्वी गाभडली. तेव्हा थांबलं म्हणजे पुढे काही मोठं, सकस हातून येईलच, असं मी धरून चाललेलो नाही. कदाचित येणार नाही. माझ्याजवळ जे होतं ते त्या पहिल्या दीड वर्षात येऊन गेलं असेल. तसं असलं तर ते पाण्याने वाढवण्यापेक्षा तेवढंच राहिलेलं मला चालेल. हे मनाशी कबूल करायला मला खूप वेळ लागला, पण केल्यावर रात्री झोप नीट लागायला लागली.

दिसामाजी काहीतरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे. समर्थांच्या नावाने सांगितली जाणारी ही ओळ मी तीस वर्षं जूनच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहीत आलो. मुलांना पहिला अर्धा भाग पाठ असायचा. मलाही तोच दिसायचा. आता रोज सकाळी दूध तापवून झालं की वहीत चार-पाच ओळी लिहितो. कट्ट्यावर काय दिसलं, कुणाची म्हैस कशी उभी होती, कुठल्या शब्दाला गोठ्यात काय म्हणतात. लिहावे एवढंच ओळीत आहे. छापावे असं नाही. दुपारी वाचतो. वर्गात शिकवलेले कवी आता परीक्षेला नसताना वाचतो, आणि ज्यांच्यावर मी मुलांना टिपणं उतरवून दिली होती ते कवी तेव्हा मला कळलेच नव्हते, हे जागोजागी दिसतं. वैरणच ती. उशिरा का होईना, पोटात जाते आहे.

यंदा आषाढात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. तरुण मुलगी, फार मनापासून काम करणारी. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा आषाढ-श्रावण असाच जातो. फोन येतो, होकार जातो, आणि मग गणपती बसले की धावपळ. ती म्हणाली, "सर, कोल्हापूरच्या पावसावर दोन हजार शब्द द्या. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" शेवटचं वाक्य गोड लागतं. मी हो म्हणालो.

तीन आठवडे बसलो. एकोणीसशे शब्द झाले. मग एका रात्री बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या पानावर ती काहीच म्हणाली नाही, फक्त हातातला तांदूळ निवडायचा थांबला होता तो पुन्हा सुरू झाला. मी वाचणं थांबवलं. लाल पेन घेऊन बसलो आणि जे मी आधी कुठे ना कुठे लिहिलेलं होतं ते खोडलं. ते बरंच निघालं. मग जे दुसऱ्या कुणीही असंच लिहिलं असतं ते खोडलं. मग जे मी पाहिलेलं नव्हतं, पण लेखात छान दिसत होतं, ते खोडलं. एक आजी त्यात गेली. रात्री साडेबाराला कागदावर अडीच ओळी उरल्या. गोठ्याच्या भिंतीवरच्या तीन रेघा, आणि वरच्या दोघींच्या मधे वीतभरही जागा नाही, एवढंच. त्या अडीच ओळींना मी वहीत जागा दिली. बाकीचे कागद बंबात घातले.

सकाळी तिला फोन केला. म्हणालो, "ताई, या वर्षी माझ्याकडे देण्यासारखं नाही. तुमची पानं अडवून ठेवली, त्याबद्दल माफ करा."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, तब्येत बरी आहे ना?"

लेखक नाही म्हणाला की आधी तब्येतीची चौकशी होते. मी म्हणालो, उत्तम आहे. "मग थोडं जुनंच जरा फिरवून दिलंत तरी..." म्हणता म्हणता तीच थांबली. "नको. बरोबर आहे. पुढच्या वर्षी विचारू ना पण?" विचारा, म्हणालो. हो म्हणेनच असं नाही, तेही सांगितलं. तिने अंकात ती पानं एका नव्या मुलाच्या कथेला दिली असं नंतर कळलं. मला बरं वाटलं.

फोन ठेवून कट्ट्यावर गेलो तोवर उशीर झाला होता. अण्णांभोवती पाच-सहा जण होते. म्हैस उभी होती पण काही तरी बिनसलं होतं; येताना रस्त्यात फटाक्यांना बुजली म्हणे. त्यांनी रेडकू लावलं, काढलं, परत लावलं. कास चोळली, पाठीवर थाप मारली, तिच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलले. सड ओढले तर दोन-चार थेंब. पान्हा नाही.

ते उठून उभे राहिले, गुडघे धरत. "आज सोडत न्हाई ती. जावा तुमी. उद्या या."

दोघे जण कुरकुरत शेजारच्या म्हशीकडे गेले. एक तरुण मुलगा तिथेच उभा राहिला. "आण्णा, बारकं पोरगं हाय घरात. जरा बघा की."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. परत उकिडवे बसले, रेडकू सोडलं आणि या वेळी लगेच ओढलं नाही, लुचू दिलं. आम्ही सगळे गप्प उभे होतो. तालमीच्या बाजूने दंडबैठकांचे हुंकार येत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी रेडकाला हळूच बाजूला केलं आणि चरवीत बारीक धार वाजली. पेलाभर झालं असेल. ते सगळं त्यांनी त्या मुलाच्या डब्यात ओतलं, पैसे घेतले नाहीत, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी रिकामी बरणी घेऊन घरी आलो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "दूध?"

"आज नाही."

तिने बरं म्हटलं, कुंडीतली गवती चहाची पाती तोडून आणली आणि कोरा चहा टाकला.